सकाळचं कॉलेज

सोमवार, ९ जून

आज आठवडा झाला प्रभारी होऊन. 'प्रभारी' हा शब्द मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर माणसाला हवेत जायला वेळ लागत नाही. जुने प्राचार्य निवृत्त झाले, कायमचा माणूस भरायची परवानगी येईल तेव्हा येईल, तोवर खुर्चीवर मी. डॉ. संघदीप भगत, भूगोल. आमच्या वस्तीतून त्या खुर्चीवर बसणारा मी पहिलाच. कुणाजवळ बोलत नसलो तरी रोज सकाळी बूट घालताना हे मनात येतंच.

गाडीतही फरक पडला. यवतमाळहून आर्णीला आम्ही चौघे कित्येक वर्षं एकाच गाडीने अप-डाउन करतो. गाडी प्रफुल्ल गावंडेची, तो इंग्रजीचा. इतिहासाचे राऊत सर वयाने मोठे म्हणून पुढे बसायचे; मी आणि अर्थशास्त्राचा आयुष पद्मावार मागे. मागच्या सोमवारी राऊत सर स्वतःहून मागे गेले. "आता तुमी पुढं बसा, साहेब." मी नको नको म्हणत बसलो. बसल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

राहता राहिला प्रफुल्ल. तो सेवेत माझ्याहून वर्षभर मोठा. संस्थेने मला निवडलं हे त्याला लागलं असणार. त्याच्या जागी मी असतो तर मला लागलं असतं.

गुरुवार, १२ जून

दुपारी रूपसिंग राठोड आले, बंजारा तांड्यावरून. त्यांची मुलगी उर्वशी आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, भूगोलात सगळ्यात पुढे. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसेनात, पेरणी टाकून आलोय म्हणाले.

"सायेब, पोरगी हुशार हाय हे तुमीच म्हनता. मंग तिले शेवटचे तास काहून भेटत नाई?"

उत्तर त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. कॉलेज अकरा ते पाच. तांड्याकडची शेवटची बस चारला. भूगोलाचं प्रात्यक्षिक नेमकं त्या वेळेला. पोरी निघून जातात, हजेरी कमी भरते, आणि परीक्षेच्या तोंडावर आम्हीच त्यांना दारात उभं करतो. मागच्या सत्रात उर्वशी कशीबशी परीक्षेला बसली. कॉलेज अकराचं का, तर आम्हा यवतमाळवाल्यांना ते सोयीचं पडतं म्हणून. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"दिग्रसकडची सोयरीक आली हाय," रूपसिंग म्हणाले. "ते लोक घाई करून राह्यले. मी म्हनलं, कॉलेज लागू द्या, मंग सांगतो. सकाळचं कॉलेज झालं तं पोरगी शिकन. नाई झालं तं मी कोनाकोनाले थांबवू?"

मी शब्द दिला. सत्र सुरू होण्याआधी प्राचार्य सगळ्या स्टाफसमोर बोलतात, ती सभा चोवीस तारखेला आहे. तिथेच जाहीर करणार, कॉलेज सकाळी साडेसात ते साडेबारा, बाकीचं त्यानंतर. स्टाफ ऐकेल का? संस्थेचे सचिव म्हणाले आहेत, "स्टाफ एकमताने तयार असेल तर आमची हरकत नाही." म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

शनिवार, १४ जून

आज गाडीत विषय काढला.

"म्हंजे घरून सहाले निंघा लागन," राऊत सर म्हणाले.

"विचार चांगला आहे सर," आयुष म्हणाला. "खेड्यातल्या मुलींसाठी फारच चांगला."

प्रफुल्ल गाडी चालवत होता. समोर बघतच म्हणाला, "सकाळी शिकवन कोण, संघदीप?"

एकेरी नाव. मागे दोघे ऐकत असताना. "आपणच की," मी म्हटलं.

घरी कौसल्येला सांगितलं, की कुणीच नाही म्हटलं नाही. ती भाजी निवडत होती. "इतक्या लवकर सगळे तयार झाले?" म्हणाली. बायकोला नवऱ्याच्या वजनाचा अंदाज सगळ्यात शेवटी येतो.

मंगळवार, १७ जून

राऊत सर चहाच्या टपरीवर मला बाजूला घेऊन गेले. गुडघ्याचं दुखणं जुनंच. पहाटे उठून गाडीत पाय मुडपून बसलं की दिवसभर जिना चढता येत नाही म्हणे. "माह्ये तेवढे तास दुपारी ठेवा. एका मान्सानं काय फरक पडते? अन् हे गाडीतलं गाडीत."

हा आमचा नियम. कुणाची शुगर किती, कुणाचा भाऊ घर सोडून गेला, हे गाडीतून स्टाफरूमपर्यंत कधी गेलेलं नाही. त्या नियमावरच इतकी वर्षं चौघे एकत्र आहोत. मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा, त्यात काय विचार करायचा?

"मंग सभेत पह्यला पाठिंबा माहा," राऊत सर म्हणाले. इतिहासाचे राऊत सर पाठीशी म्हणजे निम्मी लढाई जिंकली. उगाच घाबरत होतो.

शुक्रवार, २० जून

आयुष केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं. त्याची बायको वणीला नोकरीला, आठवडाभर तिकडेच. मुलाला शाळेत सोडायला हाच एकटा. "सर, मी सकाळच्या बाजूने आहेच. फक्त माझे तास दुपारी गेले तर..." त्याचे डोळे भरून आले होते. नाही म्हणायला मी काही दगड नाही. हो म्हटलं, आणि कुणाला सांगणार नाही असंही.

वेळापत्रक तोच बसवतोय. जाता जाता त्याने विचारलं, "सर, तुमचे भूगोलाचे तास?"

सकाळी संस्थेचे फोन असतात, सह्या असतात, कुणी ना कुणी भेटायला येऊन बसलेलं असतं. प्राचार्याने सकाळी केबिनमध्ये दिसलं पाहिजे. म्हटलं, "माझे टाक दुपारी कुठेही."

संध्याकाळी कॉमर्सच्या दोघांचे फोन आले, मग हिंदीच्या मॅडमचा, सासू आजारी म्हणून. प्रत्येकाची अडचण खरी. प्रत्येकाचा पाठिंबाही खरा. आता सभेत विरोधाला तोंडच उरलं नाही. एकट्या प्रफुल्लने अजून काहीही मागितलेलं नाही. माझ्याकडे मागायला त्याला कमीपणा वाटत असेल.

कौसल्या फोन ऐकत होती. म्हणाली, "सगळ्यांनाच हो म्हणून राह्यले तुम्ही." मी म्हटलं, माणसं जोडावी लागतात. ती टपाल खात्यात आहे, तिथे फक्त शिक्के मारायचे असतात.

शनिवार, २१ जून

आजचा दिवस सोन्याचा. एसटीचे साहेब तयार झाले. सोमवार तीस जूनपासून तांड्याकडची बस सकाळी लवकर सुटेल आणि पोरींना सातच्या सुमारास आर्णीत सोडेल. परतीची बस एकला. चारची बंद होईल, कारण गाडी तीच, ड्रायव्हर तोच, आणि सकाळच्या कॉलेजला चारच्या बसचं कामही काय?

रूपसिंगना फोन केला. ते शेतात होते. "सायेब, तुमच्या तोंडात साखर पडो," म्हणाले. मागून उर्वशीचा आवाज आला, ती आईला काहीतरी सांगत होती, शब्द कळले नाहीत पण आवाजात हसू होतं. आज जेवण चांगलं गेलं.

सोमवार, २३ जून

आज जे झालं ते लिहू की नको असं वाटलं. लिहितोच.

सकाळी गाडीत उद्याचं भाषण वाचून दाखवलं. क्रेडिटचे नवे नियम, हजेरी, ग्रंथालयाचं स्थलांतर, मग शेवटी सकाळचं कॉलेज. राऊत सरांनी मान डोलावली. आयुष म्हणाला, "शेवटचा भाग ऐकून अंगावर काटा आला सर."

प्रफुल्लने गाडी रस्त्याकडेला घेतली. टायर पाहतो म्हणाला, आणि मला खुणेने खाली बोलावलं. टायरला काही झालेलं नव्हतं.

"तुह्या भाषणात पोरी हायेत, बस हाय, तांडा हाय," तो म्हणाला. "मास्तर कुठी हाय? सकाळी वर्गावर कोण कोण जाणार, नावं घेऊन सांग ना उद्या. सगळ्याइच्या समोर."

"वेळापत्रक आयुष बसवतोय. तो सांगेल."

"तुले इचारून राह्यलो मी. राऊत सर सकाळी येनार हायेत का? आयुष येनार हाय का?"

आता मी काय सांगू? दोघे काचेआड बसलेले. दोघांना शब्द दिलेला. तो मला सगळ्यांसमोर खोटं पाडायला बघतोय असंच वाटलं, आणि मी बोलून गेलो, "प्रफुल्ल, तुला ही खुर्ची हवी होती, ते मला माहीत आहे."

त्याने डिक्कीवर टेकलेला हात काढला आणि गाडीत जाऊन बसला. आर्णीला उतरताना राऊत सर हळूच म्हणाले, "जळते मानूस, काय करता." मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

मंगळवार, २४ जून

सभा झाली. इतकी सुरळीत होईल असं वाटलं नव्हतं.

सभागृह भरलेलं, पुढे कायम शिक्षक, मागे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ज्यांना दर सत्रात नव्याने बोलावतो ते, आणि भिंतीला लागून ऑफिसचा स्टाफ. सुरुवातीला नियम आणि हजेरी कागदात बघूनच वाचली. पण सकाळच्या कॉलेजवर आलो आणि स्वतःच्या आवाजाने मलाच जोर आला. मी म्हटलं, कॉलेज शिक्षकांच्या गाडीवर चालणार नाही, मुलींच्या बसवर चालेल. टाळ्या. राऊत सर उभे राहिले, ठरल्याप्रमाणे. मग आयुष. मग कॉमर्सचे दोघे एकदम. सचिवांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "एकमत! याला म्हणतात नेतृत्व."

मागून मराठीच्या प्रियंका मॅडमनी हात वर केला. त्या तासिका तत्त्वावर आहेत. "सर, सकाळचे सगळे तास आम्हीच घ्यायचे का?"

"कॉलेज सगळ्यांचं आहे मॅडम," मी म्हटलं. पुढच्या रांगेत हसू उमटलं. त्या खाली बसल्या. एवढ्या चांगल्या प्रसंगी खुसपट काढायची काहींना सवयच असते.

प्रफुल्लने टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर चण्याची तर्री घातलेले पोहे होते, तेही त्याने घेतले नाहीत. परत येताना गाडीत मी, राऊत सर आणि आयुष बोलत होतो. तो फक्त गाडी चालवत होता.

रविवार, २९ जून

प्रफुल्लचा मेसेज. "उद्या मी लवकर जातो. तुम्ही तिघं दुसरी गाडी पाहा."

सत्राचा पहिला दिवस आणि हा गाडी घेऊन मोकळा. राग कुठे काढायचा याला काही पद्धत असते. आयुषला फोन केला, तो त्याची गाडी काढेल. मुलाला शाळेत सोडून, म्हणजे साडेनऊला निघू.

सोमवार, ३० जून

साडेदहाच्या पुढे कॉलेजला पोचलो. फाटकात प्रफुल्लची गाडी. मोठ्या हॉलमधून त्याचा आवाज येत होता. आत तिन्ही वर्षांच्या मुली एकत्र बसलेल्या, तो फळ्यापाशी, शर्टाची पाठ घामाने ओली. बाजूच्या वर्गात उरलेल्यांना घेऊन प्रियंका मॅडम. साडेसातपासून हे दोघंच. मराठी आणि इंग्रजी, इंग्रजी आणि मराठी. दुसरं कुणी वर्गावर नव्हतंच.

रूपसिंग व्हरांड्यात उभे होते. पहिला दिवस पाहायला पोरीबरोबर बसने आले होते, धुतलेला सदरा घालून. मला पाहून हात जोडले.

"सायेब, सकाळपासून पाह्यलं. इतिहास कवा हाय?"

"दीड वाजता."

"अर्थशास्त्र?"

"अडीचला."

"अन् तुमचा भूगोल?"

मला तोंड वर करता येईना. "साडेतीन."

"एकची बस हाय सायेब," म्हणाले. "चारची तं तुमीच बंद केली."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हटलं, उद्यापासून बदलतो, उद्याच बदलतो. ते म्हणाले, "बरं." एकच्या बसने बापलेक गेले. उर्वशीने खिडकीतून इकडे पाहिलं नाही.

आधी पोरींचा शेवटचा तास बुडायचा. मी त्यांचे तिन्ही विषय बुडवले. राऊत सरांचा गुडघा खरा होता, आयुषचा मुलगा खरा होता, हिंदीच्या मॅडमची सासूही खरी असेल. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच सुटतोय. सगळं ठाऊक होतं ते फक्त मला, आणि मी सगळ्यात शेवटी माझंही नाव त्यात घातलं. साडेतीनला वर्गावर गेलो. आर्णीतलीच दोन मुलं बसली होती, एक फोनमध्ये.

तास सोडून दिला आणि राऊत सर व आयुषला केबिनमध्ये बोलावलं. दोघांसमोर दोघांचंही सांगून टाकलं, कॉमर्सवाल्यांचंही. आयुषने चमकून राऊत सरांकडे पाहिलं.

"हे गाडीतलं व्हतं," राऊत सर म्हणाले. "तुमी शब्द देल्ला व्हता."

"दिला होता. त्याआधी रूपसिंगला दिला होता."

"मग पहिले तुमचे तास बदला, सर," आयुष म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्याशी सरळ बोलला.

"बदलले. उद्या साडेसातला भूगोल. तुमचे दोघांचे त्यानंतर. राऊत सर, तुमचा वर्ग खालच्या मजल्यावर घेऊ, पण सकाळीच."

राऊत सर उठून गेले. उद्या येतील की रजा टाकतील, माहीत नाही. येताना आयुषच्या गाडीत नाही बसलो, बसने आलो. वाटेत प्रफुल्लला फोन केला. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "उद्या किती वाजता निघतोस?"

"सहाले," तो म्हणाला.

मंगळवार, १ जुलै

सहाला निघालो, दोघंच. शहर मागे पडल्यावर मी म्हटलं, "खुर्चीचं बोललो ते चुकलं."

"मले काई नको होती तुही खुर्ची," तो म्हणाला. "संस्थेनं पह्यले मलेच इचारलं होतं. मीच तुह्यं नाव सांगतलं." पुढे बराच वेळ त्याने रेडिओ लावून ठेवला. मला रडू येत होतं, ते मी खिडकीकडे तोंड करून लपवलं.

साडेसातला वर्ग भरलेला. मी समोच्च रेषा घेतल्या. हजेरी घेताना उर्वशीच्या नावाला उत्तर नाही. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तांड्यावरचीच एक मुलगी उठून म्हणाली, "ते आता नाई येनार, सर."

आयुष सव्वानऊला आला, मुलाला शेजाऱ्यांकडे सोडून. राऊत सर आले नाहीत. मी प्रफुल्लबरोबर त्याच्याच गाडीने तांड्यावर गेलो.

रूपसिंग शेतात होते. उर्वशीची आई, तांड्यावरच्या बोलीत याडी, रामीबाई, दारात तुरीची डाळ पाखडत होती. तिने खाट टाकली, पाणी दिलं, आणि स्वतःहूनच सांगितलं. काल दिग्रसचे पाहुणे घरी बसून होते. तीस तारखेला सांगतो असं त्यांना सांगितलेलं होतं. रूपसिंग कॉलेजातून आले, हातपाय धुतले आणि पाहुण्यांना हो म्हणाले. गूळ वाटला, म्हणजे सोयरीक पक्की. लग्न दिवाळीनंतर, पण ठरलेली मुलगी रोज बसने बाहेर जाते हे त्या लोकांना चालत नाही.

"मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हटलं. "दिग्रसला जातो. आजच जातो."

"गूळ वाटल्यावर कोन बोलते, सायेब?" रामीबाई म्हणाली. "तुमी काल बोलले असते तं हिचा बाप थांबला असता. पंधरा दिवस तुमच्याच शब्दावर थांबला होता ना तो."

मी हात जोडले. दुसरं काय करणार? प्रफुल्ल उठून गाडीकडे गेला.

उर्वशी आतून बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण उभी होती ती वर्गात शंका विचारायला उभी राहते तशीच, पाठ ताठ करून.

"आज सकाळी भूगोल झाला का, सर?"

"झाला."

"काय घेतलं?"

"समोच्च रेषा."

तिने मान हलवली. मग मला विचारलं, "मंग कालच काहून नाई घेतला?"

ती उत्तरासाठी थोडा वेळ थांबली आणि आत गेली.